टेकचंदभाऊंची विहीर आणि पंपवाल्या शेठचा विमा

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. यमुनावहिनी, तुम्ही बसा, उठू नका. अंगणवाडीत मी दिवसभर पोरांसमोर बोलते, पण टेकचंदभाऊंच्या फोटोसमोर बोलायचं म्हणजे जड जाऊन राहिलं. अडखळली तर सांभाळून घ्या.

हा मंडप पाहा. आपल्या फुलचूरमधलं कोणतं लग्न, कोणती तेरवी टेकचंदभाऊंच्या मंडपाशिवाय झाली? आज त्यांच्याच शोकसभेला त्यांचाच मंडप आहे. मधला कपडा जरा ढिला बांधला गेला. भाऊ असते तर आपल्या सगळ्यांना उठवून आधी तो ताणून घेतला असता.

मी त्यांची शेजारीण. आणि मी त्यांच्याशी भांडली. खूप भांडली. गेलेल्या माणसासमोर खोटं कायले बोलू?

मंडपाचं सामान ठेवायला भाऊंनी आपल्या रस्त्यावरचा बंद पडलेल्या डिझेल पंपाची जागा घेतली, तुम्हाला माहीत आहे. पंपाचे शेठ थकले होते. ते जागा विकून रायपूरला मुलाकडे गेले आणि तिथंच वारले. जमिनीत डिझेलची जुनी टाकी होती. ती शेठच्या काळापासून गळत होती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आधी भाऊंच्या विहिरीवर तेलाचा तवंग आला. मग माझ्या विहिरीला वास मारू लागला. मी बादली भरून त्यांच्या दारात गेली आणि म्हटली, हे पिऊन दाखवा. त्यांनी बादली माझ्या हातून घेतली आणि खाली ठेवली. म्हणाले, "बाई, पितो मी. पण त्यानं तुमची विहीर साफ होते का?"

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

प्रदूषण खात्याचे साहेब लोक आले, पाण्याचे नमुने घेऊन गेले. जागा ज्याच्या नावावर, सफाई त्याची, असं सांगून गेले. माती किती खोल काढावी लागेल ते ऐकून भाऊ होते तिथंच खाली बसले. खुर्च्या, भांडी, मंडप, सगळं विकलं असतं तरी ती माती निघाली नसती. जागा विकायची, तर घेणार कोण? टाकून जायचं, तर घाण नावावरच राहणार. मला म्हणायचे, विकता येत नाही, सोडता येत नाही, जाऊ कोठं?

मग नागपूरच्या वकिलांनी एक वाट सांगितली. माझ्या विहिरीपायी मीही सोबत गेली होती. वकील म्हणाले, पंप चालू होता तेव्हा शेठनं विमा काढला असेल. पंपामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा. गळती त्या काळातली असली, तर पॉलिसी कितीही जुनी असो, कंपनीकडे सफाईचा खर्च मागता येतो. तेवढी पॉलिसी शोधून आणा.

भाऊ हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. वकिलांना काही समजलं नाही. मला समजलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण घरातलं मोडकंतोडकं नारबोदच्या पुतळ्यासोबत गावाबाहेर नेऊन जाळतो. जागा घेतली त्या वर्षी भाऊंनी शेठच्या केबिनमधली सगळी कागदं टोपल्यात भरून शिवेवर नेली. दुसऱ्याची पनवती घरात काऊन ठेवायची? तुम्हीआम्हीही तेच केलं असतं. 'घेऊन जा गे नारबोद' म्हणत सगळ्यांनी मिळून ती जाळली. शेठच्या पॉलिसीही त्यातच गेल्या.

पण भाऊ चिवट. शेठनं पंपावर कर्ज घेतलं होतं आणि बँक विम्याची नक्कल ठेवून घेते, हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं. बँकेत जाऊन जाऊन तिथल्या लोकांना नकोसं करून सोडलं. शेवटी जुन्या फायलींच्या ढिगात ती नक्कल निघाली. त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले. माझा राग थोडा तरी त्या दिवशी उतरला.

मग कंपनीचं उत्तर आलं. पॉलिसी खरी आहे. पण ती शेठच्या नावावर आहे. मागणी शेठच्या वारसानं करावी. टेकचंदभाऊंशी आमचा संबंध नाही.

वारस म्हणजे शेठचा मुलगा. भाऊ रायपूरला गेले, पुन्हा गेले, त्याच्या ओट्यावर बसून राहिले. मुलगा वाईट नाही हो. तो भ्यायला. मागणीच्या कागदावर सही केली तर उद्या ही सफाई माझ्याच गळ्यात पडेल, म्हणाला. वकिलांनी फोनवर समजावलं, पण भीती काही गेली नाही. शेवटच्या खेपेहून परतल्यावर भाऊ माझ्याकडे चहाला थांबले. म्हणाले, "बाई, कागद भेटला, कंपनी भेटली, विमाही निघाला. अन् मी तिथंच आहो."

त्यानंतर तिरोड्याला एका लग्नाचा मंडप उभारताना ते घटकाभर खुर्चीवर बसले. ते उठलेच नाहीत.

आता जागा यमुनावहिनींच्या नावावर येईल. म्हणजे घाणही त्यांच्याच नावावर येईल. माणूस सुटला, घर नाही सुटलं. ह्याचं मला फार वाईट वाटते.

शेठचा मुलगा आज इथं आला आहे. मागे खांबाजवळ उभा आहे. दादा, तुम्ही एवढ्या लांबून आले, बरं केलं. मी तुमचं नाव घेत नाही. सही करा, असंही ह्या माईकवर म्हणत नाही. शोकसभेत माणसाला अडवणं भाऊंना आवडलं नसतं. मला आवडलं असतं, पण आज त्यांचा मान.

फोटोपुढे तांब्या ठेवला आहे. त्यात भाऊंच्या विहिरीचं पाणी आहे, आज सकाळीच मी काढलं. आता आपण सगळे उभे राहू आणि दोन मिनिटं शांत राहू. वास येईल. कोणी नाकाला रुमाल लावू नका. वहिनी रोज ह्याच वासात स्वयंपाक करतात.

दादा, तुम्ही पुढे या. तांब्याजवळ जागा आहे.

टेकचंदभाऊ, तुमच्या शेजारणीचा नमस्कार घ्या.