फुकट कोटेशन

एनिड : ...आणि साखर? का तूही आपला त्या वजन कमी करणाऱ्यांतला?

कार्ल : दोन चमचे. पण चहाचं राहू द्या मिसेस हिंचलिफ, आधी बॉयलर दाखवा. मला अजून दोन घरं करायचीत जेवणाच्या आत.

एनिड : बॉयलरवाला घरात आला आणि त्याला चहासुद्धा विचारला नाही, असं गल्लीत कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही मला. बस. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो. ही घे. बिस्किटं तीन प्रकारची आहेत.

कार्ल : हाच का तो? या कोपऱ्यातला? अरे बापरे! अजून चालतो हा?

एनिड : चालतो म्हणजे? कुरकुरतो, खोकतो, सकाळी उठायला कंटाळा करतो, पण चालतो. आम्ही दोघं एका वयाचे झालोय. माझा नवरा गेला, हा राहिला. फ्रँक त्याला चपलेने हाणायचा. बरोब्बर उजव्या बाजूला.

कार्ल : याचे सुटे भाग मिळायचे बंद झालेत. सरळ सांगतो, लपवाछपवी नाही. हा जमिनीवर उभा राहणारा. नवा भिंतीवर टांगायचा. नुसता बॉयलर तेराशे पौंडांचा. मग हा काढणं, वरची गरम पाण्याची टाकी काढणं, पाइप बदलणं, खोल्या तापवणारे रेडिएटर आतून धुणं, दोघांची मजुरी. सगळं मिळून बत्तीसशेच्या आसपास जाईल.

एनिड : टाकी काढायची? मग माझे टॉवेल कुठे राहतील? टाकीच्या कपाटात कसे छान ऊबदार राहतात.

कार्ल : नव्याला टाकी लागत नाही. टॉवेल रेडिएटरवर टाकायचे.

एनिड : रेडिएटरवर टाकलेला टॉवेल पापडासारखा होतो बाळा. बरं, गॅसचा पाइप बारीक निघाला तर जाड टाकावा लागेल, त्याचे वेगळे पडतील ना?

कार्ल : ...पडतील. तुम्हाला कसं माहीत?

एनिड : ऐकलं कुठेतरी. आणि बाहेर पाणी सोडणारी ती नळी कडाक्याच्या थंडीत गोठते, तिला जाडसं वेष्टन हवं. हो की नाही?

कार्ल : बरंच ऐकता तुम्ही.

एनिड : कान अजून शाबूत आहेत. चालवायला किती येईल ते सांग. बसवणं एकदाच, खायला तर रोज लागणार त्याला.

कार्ल : हा जुना वर्षाला बाराशेचा गॅस खात असेल. नवा नऊशेत भागवेल. वर सर्व्हिसिंगचे शंभर. तुमचं बिल किती येतं?

एनिड : गेल्या वर्षी तीनशे.

कार्ल : महिन्याला?

एनिड : वर्षाला.

कार्ल : या घराला? टेकडीच्या माथ्यावर, तीन खोल्या वर, दोन खाली? तुमचा मीटर बिघडलाय.

एनिड : मीटर ठीक आहे. चहा घे, गार होतोय.

कार्ल : घेतो. आधी भिंत बघू दे. धूर बाहेर टाकायला इथून भोक पाडावं लागेल. शेजाऱ्यांची खिडकी त्या अंगाला आहे, म्हणजे जरा डावीकडे. पेन्सिलीने खूण करून ठेवतो... हे काय?

एनिड : काय?

कार्ल : इथे वर्तुळ आहे. आणि हे एक. फुली मारलेलं हे तिसरं. कॅलेंडर जरा बाजूला करू का? हं, चौथं. मिसेस हिंचलिफ, ही धुराड्याच्या भोकासाठी आखलेली वर्तुळं आहेत.

एनिड : वॉलपेपर आहे तो. वॉलपेपरला नक्षी असते.

कार्ल : नक्षीखाली ‘खिडकीपासून एक फूट सोडा’ असं कोणी लिहीत नाही.

(फोन वाजतो.)

एनिड : थांब हं, जिल असेल. मुलगी. साउथॅम्प्टनला असते. हॅलो? हो गं. आलाय, आत्ताच आलाय. नाही, हा वेगळा. तो टकला नाही, याला केस आहेत. नाही गं, तोही नाही, तो लाल मिशीवाला तर नाताळाच्या आधी येऊन गेला. ...अगं, पैसे आहेत. तू पाठवलेस तसेच बँकेत आहेत, हात लावलेला नाही. ...घाई कशाला? बत्तीसशेची वस्तू काय डोळे मिटून घ्यायची? ...बरं, तू कर तुझी मीटिंग. ईस्टरला जमेल? ...नाही नाही, मुलांच्या परीक्षा महत्त्वाच्या. ठेवते.

कार्ल : टकला म्हणजे हेडन ब्रिग गावचा. लाल मिशीवाला म्हणजे माझाच जुना भागीदार. अजून कोण कोण येऊन गेलं?

एनिड : चिडू नकोस.

कार्ल : चिडू नको? जाहिरातीखाली लिहिलेलं असतं ‘कोटेशन फुकट’. फुकट म्हणजे तुम्हाला फुकट! डिझेल माझं, सकाळ माझी. महिन्यात तीस घरं बघतो तेव्हा दहा कामं मिळतात. तुमची मुलगी पैसे देऊन बसलीय, मोकळी झालीय, आणि तुम्ही इथे बॉयलरवाल्यांचं प्रदर्शन भरवलंय!

एनिड : मला माहीत आहे.

कार्ल : घ्यायचाच नव्हता तर बोलावलंत कशाला?

एनिड : पहिल्यांदा घ्यायचा होता रे. देवाशपथ. तो पहिला आला तो तास-दीड तास होता. प्रत्येक खोलीत गेला, रेडिएटर मोजले, वर माळ्यावरच्या खोलीतही गेला. फ्रँक गेल्यापासून त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी पाऊल टाकलं नव्हतं. अंघोळ सकाळी करता की रात्री, विचारत होता. हे मला कोण विचारतं? जिलसुद्धा नाही विचारत. तो गेला आणि मी ठरवलं, हो म्हणायच्या आधी अजून एकाला दाखवून घेऊ. मग अजून एकाला.

कार्ल : गप्पाच मारायच्या तर शेजारी आहेत, चर्च आहे...

एनिड : डॉक्टरकडे जायला आजार लागतो. चर्चमध्ये जायला देव लागतो, तो माझा फ्रँकबरोबरच गेला. शेजारची पोरं दर सहा महिन्यांनी बदलतात, नावं कळायच्या आत सामान बाहेर. दुकानात पैसे घ्यायलासुद्धा आता यंत्र ठेवलंय, ते ‘पिशवीत वस्तू ठेवा’ एवढंच बोलतं. बॉयलरवाल्याला काय लागतं? एक जुना बॉयलर. तो माझ्याकडे आहे. मला एकटं एकटं होतं रे. फार होतं. झालं, बोलले. तुझ्या वेळेचे किती होतात सांग. पर्समध्ये चाळीस आहेत. मी काही भिकारी नाही.

कार्ल : पर्स आत ठेवा. आत ठेवा म्हणतो ना. आलोच आहे तर झाकण उघडून बघतो. निदान काहीतरी काम केल्यासारखं वाटेल मला.

एनिड : उघडतोस? बाकी कोणी नाही उघडलं.

कार्ल : काय केलं मग त्यांनी?

एनिड : चहा प्यायले.

कार्ल : जरा मागे सरा. ...हं. मिसेस हिंचलिफ, तुम्हाला सकाळी डोकं दुखतं का? मळमळतं?

एनिड : आज थोडं दुखतंय. म्हातारपणी कुठे ना कुठे दुखतंच.

कार्ल : ती खिडकी उघडा. पूर्ण. दारही उघडा.

एनिड : गार वारा येईल. सकाळपासून आत्ता कुठे घर तापलंय.

कार्ल : उघडा म्हणतो ना! ज्योत बघा ही. निळी हवी, पिवळी जळतेय. आत काजळी साचलीय, विषारी वायू बाहेर जायच्या ऐवजी खोलीत येतोय. याला वास नसतो. माणूस झोपतो तो उठतच नाही. बंद केला मी. आता याच्यावर ‘धोका, वापरू नका’ अशी लाल पट्टी लावणार. लावावीच लागते, तुम्ही कितीही गोड बोललात तरी. सांगा, रोज किती वेळ चालू असायचा?

एनिड : रोज कुठे?

कार्ल : जानेवारी आहे. रोज नाही तर काय?

एनिड : कोणी येणार असलं की लावते. तू नऊला येणार होतास, म्हणून आठला लावला. पाहुण्याला गार खोलीत कसं बसवायचं?

कार्ल : आणि एरवी?

एनिड : एरवी कोट घालते. पांघरुणात गरम पाण्याची पिशवी घेते. एका माणसासाठी कोणी सगळं घर तापवतं का?

कार्ल : म्हणून तीनशेचं बिल.

एनिड : म्हणून तीनशेचं बिल. ...अरे, म्हणजे रोज कोणी येत असतं तर मी मेले असते?

कार्ल : असं नाही म्हणालो मी.

एनिड : पण तसंच झालं ना? एकटी होते म्हणून वाचले. जिलला सांगू नकोस हं. उद्याच्या उद्या घर विकायला काढेल आणि मला कुठल्या तरी वृद्धाश्रमात नेऊन टाकेल. तिथे म्हणे सगळे एका खोलीत बसून टीव्ही बघतात.

कार्ल : नाही सांगत. पण नवा बसवावा लागेल, आणि लगेच. गाडीत विजेचा एक हीटर आहे, तो ठेवून जातो तोवर. घरात माणसं किती ते लिहायचंय.

एनिड : एक. लिही, एक.

कार्ल : एकीला लहान बॉयलर पुरेल. दोनशे कमी होतील.

एनिड : मोठाच लाव. जिल मुलांना घेऊन आली तर चौघांच्या अंघोळी असतात.

कार्ल : कधी येतात त्या?

एनिड : मोठाच लाव.

कार्ल : बरं. याला दहा वर्षांची गॅरंटी आहे. एकदा बसवला की दहा वर्षं कोणाला हाक मारायला नको.

एनिड : हे सगळे हसत हसत सांगतात. टकलाही असाच सांगत होता. मला तिथेच नको वाटतं बघ. दहा वर्षं कोणीच नाही?

कार्ल : वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला येईन की.

एनिड : किती वेळ लागतो त्याला?

कार्ल : पाऊण तास.

एनिड : पाऊण तास.

कार्ल : मिसेस हिंचलिफ, मी बॉयलर बसवतो. याच्यावर माझ्याकडे इलाज नाही. आहे असं म्हटलं तर ते खोटं होईल.

एनिड : खोटं नाही बोललास ते बरं केलंस. लाल मिशीवाला म्हणाला होता, सहज चक्कर मारीन. कोणी मागितलं होतं त्याच्याकडे? दोन आठवडे मी केक करून ठेवत होते.

कार्ल : तो बोलायला मोठा गोड. म्हणून तर मी वेगळा झालो. तर मग, काय करू? गुरुवारी सुरू करू? मी आणि माझा भाऊ असू.

एनिड : गुरुवारी. दुपारचं जेवण इथेच ना?

कार्ल : आम्ही गाडीत खातो. डबा असतो.

एनिड : माझ्या दारात गाडी उभी करून दोन माणसं थंड सँडविच चघळणार, आणि मी खिडकीतून बघत बसणार? तसं असेल तर राहू दे तुझं कोटेशन.

कार्ल : बरं, इथे जेवू. पण साधं काहीतरी.

एनिड : मटणाचा अख्खा पाय भाजते, पुदिन्याची चटणी. एकटीला आणला तर आठवडाभर पुरतो, म्हणून आणतच नाही. तुमचा हा प्रकार किती दिवस चालतो?

कार्ल : दोन. गुरुवारी जुना निघेल, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नवा सुरू. लांबवत नाही आम्ही. लोकांना घरातली तोडफोड नको असते, दुसऱ्या दिवशी दुपारपासून घड्याळ बघायला लागतात.

एनिड : बत्तीसशे म्हणजे दोन दिवसांचे?

कार्ल : सगळं धरून. सही इथे करा.

एनिड : करते. कार्ल, एक विचारू? तिसऱ्या दिवसाचे किती घ्याल?