गिरणीतला आवाज

डोळ्यांच्या दवाखान्यात दोन म्हातारे औषध घालून डोळे मिटून बसले होते. शेजारच्या बाईच्या कानावर त्यांचं बोलणं पडत होतं.

"तात्या गेल्यावर वहिनींना भेटलास का?"

"काल गेलो. उभं आयुष्य गिरणीत त्याच्या शेजारच्या मागावर काढलं, पण दार वाजवायला हात उचलेना."

"काय बोललास?"

"काय बोलणार? दुःखाचं घर. हळूच चौकशी केली. तर म्हणाल्या, 'भावोजी, कुजबुजू नका. हे घरातसुद्धा गिरणीत असल्यासारखे ओरडायचे. जन्मभर कटकट केली मी. आता घर खायला उठतं. जरा तसं बोला.'"

"मग?"

"मग काय, तात्यासारखा ओरडून चहा मागितला."

"आणि वहिनी?"

"आतून म्हणाल्या, 'बहिरी नाही मी. आणते.'"