निकिताकडचं कार्य

—नाही हो सर, ती खुर्ची नको, ती साहेबांची. तशी रिकामीच असते, पण रिकामी असली तरी साहेबांचीच असते. तुम्ही इकडे बसा, पंख्याखाली. हॉलमध्ये आत्ताच जाऊन काय करणार? साहेब आल्याशिवाय दीपप्रज्वलन नाही, आणि दीपप्रज्वलन झाल्याशिवाय नेतृत्व सुरू होत नाही — तुमचं व्याख्यान हो, 'उद्याचे नेतृत्व'. साहेब निघालेत. निघालेत म्हणजे कोथरूडहून निघायचेत. तोवर चहा घ्या. — कोण? निकिता ओव्हाळ? आहे ना, कामावर आहे. हॉलमध्ये दिसली नाही कारण ती हॉलमध्ये नाहीये. तिला नाही बसवलं यंदा. मागच्या वर्षी बसवली, तर तुम्ही तिचं कौतुक काय केलंत, वर शिफारस काय पाठवलीत — नागपूरच्या त्या तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला हिलाच पाठवा, पुढे मोठी अधिकारी होईल — आहे सगळं लक्षात माझ्या. ते जमलं नाही. गेलं ना आमच्या महामंडळाकडून तुम्हाला उत्तर, सदर कर्मचाऱ्यास सोडणे शक्य नाही म्हणून? मग झालं तर. पुन्हा विचारलंत तर पुन्हा तेच येईल, आमच्याकडे तेवढी एकच गोष्ट भरवशाची आहे.

रागावू नका, मी आपली सरळ बोलते. माहेर नारायण पेठेतलं, त्याला इलाज नाही. मी सुहासिनी — इथली अधीक्षक, म्हणजे या मजल्यावर जे काही होतं ते माझ्या टेबलावरून होतं आणि जे होत नाही तेही माझ्याच टेबलावरून होत नाही. ट्रेनिंगला माणसं पाठवणं हेही माझ्याकडेच. आता तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगते, नाहीतर कोणी सांगणार नाही तुम्हाला. ट्रेनिंगला माणूस कसा निवडतात? हुशार म्हणून? होतकरू म्हणून? छे हो! ज्याला सोडता येतो तो पाठवायचा. दिवसभर खुर्चीत नसला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, असा माणूस बघायचा. आणि असे आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्या बाबतीत महामंडळ स्वयंपूर्ण आहे.

बघा ना, दाराच्या फटीतून बघा. पुढे बसलेत ते बाळ साने. एप्रिलमध्ये निवृत्त होताहेत. हे उद्याचे नेतृत्व! पण मार्च संपायच्या आत ट्रेनिंगचा निधी संपवायचा, खुर्च्या भरायच्या, मग बाळ साने. त्यांनी किती ट्रेनिंग घेतली असतील म्हणता! ताणतणाव व्यवस्थापन तर तीनदा झालंय. त्या माणसाला आयुष्यात ताण कसला तो माहीत नाही, दुसऱ्यांना द्यायचा तेवढा माहीत. त्यांच्या शेजारी दीपमाला — तिचा विभागच बंद झाला, पण माणूस कुठे बंद करता येतो? मग ती ट्रेनिंगला. आणि खांबाच्या मागे चेतन. झोपलाय ना? झोपू द्या, बिचारा मन लावून झोपतो. तुम्ही मागच्या वर्षी विचारलं होतंत, 'नेता म्हणजे कोण?' तर हाच खडबडून उठला आणि म्हणाला, 'हजर आहे, सर!' निकिता हसली होती तेव्हा. तुम्हीही हसला होतात.

तर निकिता. विश्रांतवाडीची पोरगी, वडील पोस्टात होते, आई शाळेत. परीक्षा देऊन सरळ लागली, कोणाच्या ओळखीपाळखीने नाही. आली तेव्हा मला वाटलं, होईल चार महिन्यांत आपल्यासारखी. कसली होतेय! पहिल्याच आठवड्यात तिने आलेल्या लोकांना 'बसा ना' म्हणायला सुरुवात केली. अहो, आमच्याकडे लोक उभे राहतात! ती पद्धत आहे. बसवलं की माणूस बोलायला लागतो, बोलायला लागला की त्याचं काम कळतं, आणि काम कळलं की ते करावं लागतं. ही बसवायची. कुठून तरी बाकडं ओढून आणलं, लोकांना नावाने हाका मारायला लागली — कांताबाई, तुमचं झालं बरं का, आता फेरी नको. झालं! आता जो तो येतो तो विचारतो, ओव्हाळ मॅडम आहेत का? मी समोर बसलेली असते, माझ्याकडे बघून विचारतात, ओव्हाळ मॅडम आहेत का! साहेबांना तिचं नाव माहीत नाही, ते 'ती चटपटीत मुलगी' म्हणतात. पण चटपटीत मुलीशिवाय त्यांच्या एका बैठकीची तयारी होत नाही. अशा पोरीला मी तीन आठवडे नागपूरला कशी पाठवू? तुम्हीच सांगा. नाही, तुम्ही नका सांगू, तुम्ही पाठवा म्हणाल.

विचारलं होतं हो तिने. दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी तिला समोर बसवून समजावलं — अगं, ट्रेनिंगला जाणारी माणसं वेगळी. तू तसली नाहीस. तुझ्यावाचून कार्यालय चालणार नाही, हा केवढा मान आहे! मला नाही का सांगितलं होतं, तेव्हाच्या साहेबांनी? मी अशीच नवीन, मुंबईच्या कोर्ससाठी माझं नाव आलं होतं, आणि साहेब म्हणाले, सुहासिनीबाई, सगळ्यांना सोडीन, तुम्हाला सोडता येणार नाही. मी इतकी खूश झाले सर! घरी जाऊन आईला सांगितलं, सासूला सांगितलं, ह्यांना सांगितलं. ह्यांनी विचारलं, मग बढतीचं काय? मी म्हटलं, तुम्हाला कळायचं नाही, तुम्ही बँकेत आहात. त्यानंतर दरवर्षी कोणी ना कोणी साहेब तेच म्हणायचे. आणि बढतीला ट्रेनिंगचे गुण धरतात, हे मला कधी कळलं, तर बाळ साने माझ्या वरच्या जागेवर बसले तेव्हा. मीच त्यांना सगळीकडे पाठवलं होतं, सुटण्यासारखा माणूस म्हणून. आता ते माझा गोपनीय अहवाल लिहितात. 'मेहनती' असं लिहितात. दरवर्षी. — नाही, वाईट कशाला वाटेल? वाटत नाही. मला शाल, श्रीफळ आणि 'आधारस्तंभ' असं लिहिलेलं स्मृतिचिन्ह मिळालेलं आहे, वर्धापनदिनाला. खांबाला काय, उभं राहायचं.

— साहेबांनीच अडवलं तिला? साहेब कशाला अडवतील! साहेब समोर ठेवलं त्यावर सही करतात, चांगला माणूस आहे. नको असलं तर 'चर्चा करावी' असा शेरा मारतात, आणि मग चर्चा होत नाही. 'सोडणे शक्य नाही' हे वाक्य माझंच आहे, मीच ठेवलं त्यांच्यापुढे. आता असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही दोन तास येता, पडद्यावर गोल काढता, त्यात बाण काढता, क्षमता वाढवा म्हणता, जेवता आणि जाता. तिची क्षमता वाढली तर ती इथे राहील का? वर जाईल. वर गेली की तिच्या टेबलावर कोण येईल? चेतन येईल! मग कांताबाई कोणाकडे बघतील? माझ्याकडे. मला झेपत नाही आता, सर. खरंच झेपत नाही. तिने माझा अर्धा भार उचललाय, ती गेली तर तो परत माझ्या अंगावर येणार, हे मी कोणाला सांगू? म्हणून म्हटलं, कार्यालयीन निकड. त्यात खोटं काय आहे?

आणि मी काही दुष्ट बाई नाही बरं का. तिसऱ्यांदा ती आली — परवाच — तर मी एका शब्दाने अडवलं नाही. आता तिला चांगली तीन आठवडे रजा दिलीये. हो, तीन आठवडे! सोमवारपासून. कारण ते ट्रेनिंग नव्हतं, घरचं कार्य होतं. लग्नाला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत, ती आमची संस्कृती आहे. साहेबांना म्हटलं, निकिताचं लग्न ठरलंय, ते म्हणाले, अरे वा, सोडा की मग, काय अडतंय! तेवढ्यात सगळ्यांना कळलं, पार शिपायापर्यंत. तिच्या पलीकडच्या टेबलावरची कादंबरी म्हणाली, तिचं टेबल आम्ही वाटून घेऊ. राकेश म्हणाला, मी बघतो ते बैठकीचं. इतके दिवस या मजल्यावर कोणी कोणाचं टेबल वाटून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मुलगा हिंजवडीत असेल, आयटीतला. — नाही, तिने नाही सांगितलं, मीच म्हटलं. ती जास्त बोललीच नाही, लाजली.

— कोण भेटणार? तुम्ही? तिला? सोमवारी? अहो, सोमवारी ती कशी भेटेल तुम्हाला, तिच्याकडे कार्य आहे म्हणते ना मी! — काय म्हणालात? — कार्यशाळा. — नागपूरची. ती तुमचीच, तीन आठवड्यांची, निवासी कार्यशाळा. तुम्ही त्याला कार्यशाळा म्हणता. आम्ही आपलं ट्रेनिंग म्हणतो. आणि तिचं नाव आहे त्यात. स्वतःची रजा घालून येतेय. स्वतःच्या तिकिटाने.

थांबा हं. थांबा जरा. ती आली परवा, माझ्या टेबलाशी उभी राहिली, म्हणाली, 'मॅडम, सोमवारपासून तीन आठवडे रजा हवी होती, कार्य—' आणि मी ओरडले, अगंबाई, कार्य! ठरलं का? उठून तिचा हात धरला. पुढचं तिला बोलू दिलंच कुठे मी? ती खाली बघत गप्प उभी राहिली. मला वाटलं लाजली. कुठल्या हॉलवर, म्हटलं. ती म्हणाली, नक्की व्हायचंय. तेवढं एकच काय ते खोटं बोलली ती! पण बाकीचं सगळं — मुलगा मी ठरवला, नोकरी मी लावून दिली, साहेबांना मी सांगितलं, अख्ख्या मजल्यावर मी बोंबलत फिरले. तिने काहीच केलं नाही. मीच लग्न लावलं तिचं!

हसताय? हसा. मी आत्ताच्या आत्ता ती रजा रद्द करू शकते, कळलं ना? साहेबांपुढे ठेवायचा अवकाश. कार्यालयीन निकड. आणि का करू नये? माझ्या डोळ्यांत बघून — नाही, खाली बघून — मला बनवलं तिने! मी डबा वाटून खाते तिच्याबरोबर. पोटच्या पोरीसारखी — जाऊ दे, तेही नको. पोटच्या पोरीला मी अडवलं नसतं, हेच म्हणणार ना तुम्ही? माझी पूर्वा गेली की जर्मनीला. तिला मी स्वतः विमानतळावर सोडून आले. तिच्यावाचून माझं अडत नव्हतं का? अडत होतं. राग आलाय मला, सर. भयंकर राग आलाय. तिचा आलाय, तुमचा आलाय, आणि — मला का नाही सुचलं हो असं? इतक्या वर्षांत एकदाही? माझ्याकडेही कार्यं झाली असती की. चुलत दीर होते, मामेबहिणी होत्या, कोणाचंही लग्न काढता आलं असतं. मी नुसती 'हो साहेब' म्हणत राहिले.

— एक मिनिट, फोन आहे. — हां, राकेश, बोल. … लक्ष्मी रोडवर पोचलात, निकिताच्या आहेराचं बघायला? कादंबरी आहे ना बरोबर? … कसली? … जांभळी? … हिरवी पण आहे. … ऐक, ऐक माझं. साडी नको घेऊस. … नको म्हणते ना! मी देणार आहे वेगळी साडी, दोन कशाला? तुम्ही असं करा — बॅग बघा एक. प्रवासाची, चाकांची, मोठी. … अरे, लग्न झाल्यावर माणसं कुठे जातात की नाही? का थेट ऑफिसात येतात? … हो, आजच आण, सोमवारी ती इथे नसणार. … नाही, मला काही झालं नाही, पंख्याचा आवाज येतोय. ठेव.

बघताय काय माझ्याकडे? ती बघा, गाडी आली साहेबांची. उठा, तो चहा राहू द्या, गार झालाय. साहेब विचारतील, नागपूरला आमच्यातलं कोणी येतंय का, तर म्हणा, नाही. आणि आत गेलात की आधी चेतनला उठवा, नाहीतर समई लावताना दचकतो. — मी? मी नाही बसणार तुमच्या नेतृत्वाला. मला ओव्हाळच्या टेबलाशी जाऊन बसायचंय, कुठलं काय कुठे ठेवते ते समजून घ्यायला पाहिजे आजच. कादंबरी आणि राकेश काय वाटून घेताहेत ते मला माहितीये. व्हा पुढे.