तसं आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही

...आणि वर मलाच विचारतो, "कुरोसाकासान, ते जोडपं तुमच्याकडेच उतरणार होतं ना, मग परत का गेलं हो?" आता काय सांगू याला? तुम्हीच सांगा! अरे बाबा, तू स्टेशनमास्तर, तूच घालवलंस त्यांना! दुपारच्या गाडीतून उतरले, टोक्योचे असावेत, पायांत नवेकोरे बूट, गळ्यात कॅमेरा, आणि बिचाऱ्यांनी अदबीनं विचारलं की इथे काय काय बघण्यासारखं आहे. झालं. आमच्या एबिहारा मास्तरांनी टोपी काढली, कमरेत वाकले आणि म्हणाले, "एवढ्या लांबून आलात खरं, पण तसं आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही." बाई नवऱ्याकडे बघते, नवरा गाडीकडे बघतो, गाडी अजून उभीच... चढले की परत! आणि मास्तरांनी शिट्टी देऊन वर हात हलवून निरोपसुद्धा दिला.

तुम्हाला सांगतो, आमचं हे उराकिरी गाव म्हणजे... नको, माझ्या तोंडून बरं नाही दिसत. पण किल्ला आहे, चारशे वर्षांचा, खराखुरा, लाकडी. मागे मेपलचं रान, थंडीच्या तोंडावर असं लाल होतं की... असो. खाली गरम पाण्याचा झरा, झऱ्यावर माझ्या आजोबांनी बांधलेली सराय, आणि तिच्यात मी, माझी बायको मासुए आणि रिकाम्या खोल्या. यंदाच्या पानांच्या हंगामात खोल्या भरल्या नाहीत तर सरायीला कुलूप, हे ठरलंय आमचं. मासुएनं स्पष्टच सांगितलं, "अहो, झऱ्यात पाणी फुकट गरम होतं, भात नाही शिजत."

आता तुम्ही म्हणाल, एक मास्तर असेल तसा. कसला एक! देवळातल्या पुजारीबुवांना विचारा, म्हणतील, "देऊळ ना, आहे आपलं जुनं, जुनं म्हणजे नुसतंच जुनं, तसं आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही." टोफूवाल्या नागाईबाईंना विचारा, त्या तर गिऱ्हाइकाला पुढच्या गाडीची वेळ सांगतात! दोष तरी कुणाला द्यायचा? आमच्याकडे पोराला बोलता येण्याआधी वाकता येतं. भेट द्यायची ती 'अगदीच क्षुल्लक आहे हो' म्हणत द्यायची, पाहुण्यापुढे ताट मांडायचं ते 'काहीच केलं नाही' म्हणत मांडायचं, आणि ताटात ठेवायला जागा नसते! पण ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं ना ते? हल्लीच्या शहरातल्या माणसांना 'काही नाही' म्हटलं, की त्यांना वाटतं खरंच काही नाही...

आणि तिकडे पलीकडच्या खोऱ्यातलं कामिसे बघा. त्यांचा किल्ला सिमेंटचा. वयानं माझ्यापेक्षा लहान! मी शाळेत जात होतो तेव्हा बांधला, आत लिफ्ट आहे. धबधबा म्हणाल, तर आमच्या न्हाणीघराच्या पन्हळीतून त्याहून जास्त पाणी पडतं. पण त्यांनी ओसाकाचा जावई केला. ओसाकाचा माणूस, लाज कशाशी खातात ठाऊक नाही, स्टेशनबाहेर उभा राहून ओरडतो, "या, या, असा धबधबा स्वर्गातसुद्धा मिळायचा नाही!" बसच्या बस रिकाम्या होतात तिथे. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं तसंच पडून राहतं, दुसरं काय?

शेवटी जिल्ह्याच्या कचेरीनं एक बाई पाठवल्या आम्हाला स्तुती शिकवायला. होंजोसान. तरुण, हुशार मुलगी. अख्ख्या गावाला सभागृहात बसवलं आणि म्हणाली, "घाबरायचं नाही, माझ्यामागून म्हणायचं, आमचा किल्ला सुंदर आहे." मास्तर उठले, कान लालबुंद, "आमचा किल्ला..." म्हणाले आणि पाणी प्यायला गेले ते आलेच नाहीत. नागाईबाई म्हणाल्या, "आमचा किल्ला सुंदर आहे असं काही लोक म्हणतात, पण ते फार म्हातारे आहेत, त्यांना नीट दिसत नाही." मी? मी म्हटलं! खणखणीत म्हटलं, आणि मग सगळ्यांची माफी मागितली. निघताना आम्ही म्हणालो, होंजोसान, काय सुरेख शिकवलंत! तर दोन्ही हात हलवत ती मागे सरकली, "छे छे, मला कुठे काय शिकवता येतं..." घ्या! वैद्यालाच तो रोग.

तरी मी सोडलं नाही. रोज सकाळी झऱ्यात गळ्यापर्यंत बसायचं आणि भिंतीला सांगायचं, आमचा किल्ला सुंदर आहे, आमचा किल्ला सुंदर आहे... मासुए बाहेरून विचारायची, "अहो, कुणाशी बोलताय?" बोलू दे की! जिभेला वळण लागायला नको?

आणि परवा फोन आला. शोहेईचा. आमचा मुलगा, नागोयात नोकरी करतो, कधी नव्हे तो फोन! म्हणाला, "बाबा, आमच्या कंपनीची सहल आहे, बायकामुलांसकट. साहेबांना जुना किल्ला हवा, लाल पानं हवीत, गरम पाण्याचा झरा हवा. सगळं ठरवायचं काम माझ्याकडे आलंय." मासुएला खूण केली, तिनं कपाटातून गाद्या काढायला सुरुवातसुद्धा केली. मी ताठ उभा राहिलो, घसा साफ केला आणि दिलं ठोकून, "आमचा किल्ला सुंदर आहे!"

"हो का? मग इतकी वर्षं कधी बोलला नाहीत ते?" कार्टं म्हणतं, "मी कामिसे ठरवून टाकलं. तुम्हाला एवढंच विचारायचं होतं, तिथली कुठली सराय चांगली?"

म्हटलं, अरे, तू इथे जन्मलास ना रे?

"बाबा, दारात पाहुणा आला की तुम्ही काय म्हणायचात? मी तुमच्या मागेच उभा असायचो. तसं आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही. मला वाटलं, नसेलच. म्हणून तर निघून आलो."

वाईट वाटलं हो. सहल गेली त्याचं नाही, म्हणजे त्याचंही वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण उभ्या जन्मात ज्यानं माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला असा माणूस एकच निघाला, माझा मुलगा, आणि त्यानं विश्वास ठेवायला शब्द कुठला निवडला, तर हा!

आता तरी तोंड उघडायला हवं होतं ना? रद्द कर म्हणायचं, घरी आण सगळ्यांना म्हणायचं... समोर मासुए काखेत गादी घेऊन उभी, डोळे माझ्याकडे. पण मनात आलं, पोराचं सगळं ठरून गेलंय, ऐनवेळी बदललं तर साहेबांपुढे त्याची मान खाली जाईल. आणि मग जे बोललो ते तुम्हाला सांगतो, एकदासुद्धा अडखळलो नाही, माफी मागितली नाही, कानही लाल झाले नाहीत. म्हणालो, "बरं केलंस. धबधब्याच्या बाजूची सराय घे, तिथून दृश्य इतकं देखणं दिसतं की साहेब खूश होतील."

मासुए गाद्या परत कपाटात लावायला गेली. साठ वर्षं उलटून गेल्यावर मला एकदाची स्तुती करता आली, आणि केली कुणाची, तर कामिसेची.