गंजलेल्या सुरीबद्दल

नाव: आत्या. खरे नाव ओळखपत्रावर आहे ते लिहून घ्यावे. त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरले नाही. वय एकसष्ट. धंदा: ओहोटीला खडकावरच्या गोगलगायी काढून खाण्यासाठी विकणे. राहणार: बंदरामागची गल्ली, बर्फाच्या कारखान्याला लागून दुसरे घर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी सुनेसोबत राहते व चाळीस वर्षे हाच धंदा करते. गोगलगायीला बोट लागले की ती खडक आणखी घट्ट धरते. म्हणून सुरी लागते. टोक खाली सरकवून झटका द्यायचा. माझ्या हातावरचे वण त्याचेच आहेत.

दोन वर्षांपूर्वी धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्याने समुद्रात सांडपाण्याचा नवा नळ सोडला. आधी तिथल्या बिनशंखाच्या गोगलगायी दिसेनाशा झाल्या. मग शंखवाल्या सैल पडल्या. यंदा नुसते बोट लावले तरी गळून पडतात. अंडी नाहीत, पिल्ले नाहीत. कॉलेजच्या बाईंनी गोगलगायी तपासून त्यांत तांबे आणि शिसे निघाल्याचे लिहून दिले. तो कागद मी कारखान्यात तीनदा दिला, पोच एकदाही मिळाली नाही. वर्षभरापासून मी विक्री बंद केली आहे. सून म्हणाली, गप्प राहून विकले तर कोणाला कळणार? मी म्हटले, मला कळेल. दुसऱ्या दिवसापासून ती बर्फाच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली.

काल सकाळी अकरा वाजता मी मुलाम्याच्या कारखान्याच्या व्यवस्थापकांकडे गेले. बादलीत दोन दगड होते, एक लांबच्या खाडीतला, एक नळाजवळचा, दोन्हींवर गोगलगायी. दगड टेबलावर ठेवले. सुरीची मूठ त्यांच्याकडे करून म्हटले, "साहेब, तुम्हीच काढून बघा."

खाडीतली गोगलगाय त्यांच्याने निघेना. घाम फुटला. नळाजवळच्या दगडाला त्यांचा हात नुसता लागला आणि सगळ्या त्यांच्या कागदांवर पडल्या. तेव्हा त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली की बाई सुरी घेऊन अंगावर आली. पहारेकरी आला तेव्हा सुरी त्यांच्याच हातात होती. त्याला विचारावे. तो खरे सांगेल असे नाही, पण विचारावे.

मी माफीच्या कागदावर सही केली व पुन्हा तिकडे फिरकणार नाही असे लिहून दिले तर साहेब त्यांची तक्रार मागे घेतील, असे मला इथे ठाण्यात समजावण्यात आले. मी सही करणार नाही. खटला भरायचा तर भरावा. कोर्टात दोन्ही दगड घेऊन येईन.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'सुरी उगारली' असे होते, ते खोडून 'सुरी दिली' करून घेतले. बाकी मी बोलले तेच आहे. जप्त केलेली सुरी वर्षभर न वापरल्याने गंजलेली आहे, याची नोंद करावी. ती ठाण्यातच राहू द्या. नळाजवळच्या गोगलगायी पुन्हा खडक धरतील, त्या दिवशी मागायला येईन.