आवाज कापलेली फेरी

मुलगी: फोन तुमचाच होता. तुम्ही गिऱ्हाइकाच्या गाडीखाली होतात, म्हणून मी उचलला.

बाबा: कुणाचा होता?

मुलगी: त्या रेसिंग टीमच्या कोचचा. खूश होती स्वारी! म्हणाला, ट्रॅक डेला आपापली गाडी पळवून व्हिडिओ पाठवणारे ढीगभर आहेत, पण तुमच्या भावासारखी फेरी कुणाची नाही.

बाबा: तो पाना दे इकडे.

मुलगी: रविवारी ट्रायलला पाठवा म्हणाला. बाबा, धाकट्याने अशी फेरी कधी मारली? मागच्या ट्रॅक डेला तो दुसऱ्याच वळणावर गवतात जाऊन बसला होता. दोरी लावून ओढून काढला आपण.

बाबा: गाडीची सवय नव्हती त्याला.

मुलगी: आपल्याकडे गाडी एकच आहे. तो लहानपणापासून तिच्यातच बसतोय.

बाबा: हे बघ, तू आत्ता तापली आहेस...

मुलगी: मग मी कॉम्प्युटर उघडला. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहिला. कॅमेरा मी लावलेला, दोन सीटांच्या मागच्या दांड्यावर, हलू नये म्हणून चिकटपट्टी मारून. खाली वेगाचा आकडा माझा, ब्रेकची रेघ माझी, अ‍ॅक्सिलरेटरची रेघ माझी. आणि वरच्या कोपऱ्यात नाव त्याचं!

बाबा: नाव काय, टाईपच करायचं असतं.

मुलगी: म्हणजे चुकून पडलं?

बाबा: चुकून म्हणालो का मी?

मुलगी: हेल्मेट घातल्यावर कोण आहे ते कळतच नाही. हातमोजे तर त्याचेच. माझे फाटले म्हणून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, धाकट्याचे घाल, नवे कशाला. तेव्हाच ठरवलं होतंत?

बाबा: नाही गं. तेव्हा डोक्यात काही नव्हतं. घरी येऊन व्हिडिओ लावला. परत लावला. पुन्हा लावला. अशी फेरी मी सुद्धा उभ्या आयुष्यात मारली नाही.

मुलगी: हे मला का नाही सांगितलंत?

बाबा: सांगणार होतो.

मुलगी: नाव बदलायला बरा वेळ मिळाला!

बाबा: तुझं नाव टाकलं असतं तर त्यांनी उघडूनही पाहिला नसता. या लोकांच्या गाड्या दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. पोरींबद्दल काय बोलतात ते माझ्या कानांनी ऐकलंय.

मुलगी: एकदा पाठवून तरी बघायचा होतात. ते नाही म्हणाले असते तर त्यांचं त्यांच्यापाशी. तुम्ही त्यांच्या आधीच 'नाही' म्हणून मोकळे झालात.

बाबा: अगं, एकच जागा आहे त्यांच्याकडे! आणि त्याचं बघतेस ना काय चाललंय? कॉलेज सोडलं, नोकरी सोडली. दुपार दुपार अंथरुणात पडून असतो. तुझी आई त्याच्या दाराला कान लावून बसते. त्याला धरायला काहीतरी हवंय. तुझी काळजी नाही मला. तू मांजरासारखी आहेस, कुठूनही टाकली तरी चार पायांवर उभी राहशील.

मुलगी: म्हणून टाकलंत.

बाबा: तसं नाही म्हणालो मी.

मुलगी: आवाज का कापलात?

बाबा: कसला आवाज?

मुलगी: व्हिडिओचा. पूर्ण मुका आहे तो.

बाबा: इंजिनाचा फार गोंगाट होता.

मुलगी: तो गोंगाट ऐकायलाच तर बघतात ते लोक! फेरी संपल्यावर मी ओरडले होते. "बाबा, बघितलंत का? बाबा!" ते ऐकू येत होतं, म्हणून कापलात.

बाबा: हं.

मुलगी: मला वाटलं होतं, तुम्ही ऐकून हसाल.

बाबा: हसलो होतो. बरं, झालं ते झालं. अजून काय म्हणाला कोच?

मुलगी: डाव्या पायाचा ब्रेक आवडला त्याला. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या रेघा वळणात एकमेकींवर चढल्यात, म्हणजे पोरगा दोन्ही पाय वापरतो, हे त्याने बरोबर ओळखलं. रविवारी शेजारी बसून बघणार आहे.

बाबा: अरे देवा.

मुलगी: धाकट्याचा डावा पाय फक्त क्लचवर जातो. ब्रेकवर ठेवला तर क्लचसारखा खालपर्यंत दाबेल, आणि कोच काचेवर आपटेल.

बाबा: तेच म्हणतोय मी. तू शिकव त्याला.

मुलगी: काय?

बाबा: तुझ्याशिवाय कोण शिकवणार? रविवारपर्यंत जमेल तेवढं शिकव. घरातली गोष्ट घरात राहील.

मुलगी: वा! चोरी तुम्ही करायची, आणि पोतं मी तुमच्या डोक्यावर चढवून द्यायचं?

बाबा: चोरी म्हणू नकोस. बाप आहे मी तुझा.

मुलगी: परक्याने केली असती तर पोलिसात गेले असते. बापाने केल्यावर कुठे जायचं, ते सांगा.

बाबा: हात जोडतो तुला.

मुलगी: नका जोडू. त्याला माहीत आहे?

बाबा: नाही. त्याला वाटतंय, मी त्याचीच एखादी फेरी पाठवली. त्याला बोलू नकोस काही, खचेल पोरगं.

मुलगी: नक्की माहीत नाही?

बाबा: तुझी शपथ.

मुलगी: त्याने मला फसवलं नाही ना, मग मी बघते काय करायचं ते. तेवढंच एक हवंय मला.

(धाकटा दारात येतो. डावा पाय अनवाणी, बूट हातात.)

धाकटा: ताई, बरं झालं इथेच सापडलीस. सकाळपासून आपल्या बंद गाडीत बसून बघतोय, डाव्या पायाला ब्रेकचा अंदाजच येत नाही. त्या शेवटच्या वळणावर तू किती दाबतेस गं?

मुलगी: मला काय विचारतोस? व्हिडिओ लाव. नाव तुझंच आहे त्यावर.