ताईला तपासणीला नेलं तेव्हा

...आणि वर मलाच म्हणते, "तू मध्ये पडू नकोस!" आता बहिणीने नाही पडायचं तर कुणी पडायचं हो? तुम्हाला सांगते, ही माझी थोरली बहीण, वय वर्षं सत्तेचाळीस, बायकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणारी बाई ब्रेकऐवजी भलतंच काहीतरी दाबते, समोरून ट्रक येतोय, आणि ही शेजारी बसून शांतपणे म्हणते, "पाय उचल गं." पण दवाखान्याची पाटी दिसली की ही रस्ताच बदलते! का? तर मुंगी!

हो, मुंगी. ताई सात वर्षांची असताना टाचेला गळू झालं. बाबा म्हणाले, "चल, फिरायला जाऊ." नवा फ्रॉक, दोन वेण्या, बिचारी मिरवत निघाली... ती थेट डॉक्टरांच्या टेबलावर! कंपाउंडरने पाय दाबले, आईने हात धरले, आणि डॉक्टर म्हणतात कसे, "काही नाही बाळ, मुंगी चावल्यासारखं होईल!" अहो, गळू कापलं त्यांनी, कापलं! कसली मुंगी? आणि घरी आल्यावर आई शेजारणीला सांगते, "शहाणी माझी पोर, जरासुद्धा रडली नाही." रडेल कशी? तोंडावर बाबांचा हात होता!

झालं. तेव्हापासून दाढ दुखली की लवंग, चक्कर आली की "झोप नाही झाली गं", आणि रक्तदाब? "आपल्या घरात नाहीच कुणाला!" मोजल्याशिवाय कळणार कसा, बाई? पण गेल्या वर्षी आमची मावशी गेली. छातीत गाठ होती, दोन वर्षं कुणाला बोलली नाही. तिच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना बजावलं, "छातीची तपासणी करून घ्या. वेळेत कळलं तर बरंच करता येतं." मी चार वेळा नंबर लावला. चारही वेळा ताईची गाडी बंद पडली! मावशीच्या फोटोसमोर रडायची, आणि तपासणी म्हटलं की... मुंगी!

शेवटी मी काय केलं... सांगायलाही लाज वाटते... म्हटलं, "ताई, पडद्याचं कापड घ्यायला चल." आणि गाडी कोण चालवतंय? तीच! चौकात म्हटलं, "डावीकडे घे." तिने गाडी कडेला लावली, बंद केली. "पडद्याचं दुकान उजवीकडे आहे." मग हळूच, "बाबांनी पण असंच नेलं होतं गं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! म्हटलं, "चुकलं माझं. नको तर नको. पण मावशीसारखी तूही गेलीस तर मी भांडू कुणाशी?"

"फार दुखतं का?"

"मला काय ठाऊक? मी कुठे केलीय!"

"तू पण नाही?"

"मला पण भीती वाटते, ताई."

अशी हसली म्हणून सांगू! डोळे पुसले, गाडी सुरू केली, आणि वळवली डावीकडे.

आत मशीनवाली मुलगी, आवाज मधासारखा, "काही नाही हं काकू, मुंगी चावल्या..."

"मुंगी म्हणालीस तर ही मी चालले! खरं सांग."

पोरगी गडबडली. "दाबलं जातं. दुखतं. पण थोडाच वेळ. तुम्ही थांब म्हणालात की मी थांबवीन."

"थांबवशील?"

"लगेच."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. चाळीस वर्षांत हे एवढंसं वाक्य कुणी तिला बोललं नव्हतं हो! उभी राहिली मशीनपुढे. आणि एकदाही थांब म्हणाली नाही.

दोघींचे रिपोर्ट चांगले आले. संपलं ना? कसलं संपतंय! आता गाडी शिकायला आलेल्या प्रत्येक बाईला ही किल्ली द्यायच्या आधी विचारते, "तपासणी केलीस?" आणि उद्या सकाळी उपाशीपोटी माझं रक्त तपासायला द्यायचंय, तर न्यायलाही हीच येणार. कालपासून पाच फोन! "सुई चांगली लांब असते बरं का... शीर सापडली नाही तर दोनदा टोचतात... हात काळानिळा पडतो, आठवडाभर राहतो... तुझ्यापासून काही म्हणजे काही लपवणार नाही मी!"

अहो, कुणीतरी माझ्याशी जरा खोटं बोला ना!